जुन्या लॅपटॉपवर डीजे सॉफ्टवेअर अटकायलंय, काय करावं?

परभणी_साउंड
लग्नसराई तोंडावर आलीय. लॅपटॉप आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, विंडोज १०. दोन्ही डेकवर (सॉफ्टवेअरमधल्या दोन प्लेअरवर) गाणी चालू असताना तिसरं शोधायला गेलं की आवाज तुटायलाय. घरी ठीक चालतंय, दुपारी मांडवात जास्तच कडकड. नवा घ्यायचं बजेट नाही.

मिक्सर_लातूर
शोधताना तुटतंय म्हणजे आधी हार्डडिस्क बघा. तिच्याच जागी २४० जीबीची साटा एसएसडी बसते. रॅम ८ करा. सगळी गाणी घरीच ॲनलाइज करून ठेवा, नाहीतर गाणं डेकवर टाकलं की बीपीएम (मिनिटाला किती ठोके) आणि वेव्हफॉर्म (गाण्याचा आलेख) तेव्हाच काढत बसतं आणि प्रोसेसर एकदम चढतो. स्टेम्स (गाण्यातला आवाज, ढोल, बेस वेगळा करणारी सोय) बंदच ठेवा, आय-थ्रीला ते झेपत नाही.

बफर (आवाजाचे किती सॅम्पल आधी साठवून पुढं पाठवायचे ते सेटिंग) किती आहे? १२८ असेल तर ५१२ करा. ४४१०० हर्ट्झला ५१२ म्हणजे साधारण १२ मिलिसेकंद उशीर, मिक्सिंगला कळतही नाही. १०२४ ला २३ होतो. तो स्क्रॅचवाल्याच्या हाताला जाणवतो. ड्रायव्हर डीजे कंट्रोलरचा स्वतःचा एसिओ (कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर) वापरा, तो नसेल तरच एसिओ-फोर-ऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर.

बेस_बीड
दुपारचं दुखणं गरमीचं आहे दादा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. फॅनची धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला, लॅपटॉप मागून दोन बोटं उचलून ठेवा. आणि बेसच्या पेटीवर तर अजिबात ठेवू नका. हादऱ्यानं साध्या हार्डडिस्कचं हेड ट्रॅकवरून हलतं, वाचन अडतं.

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारं सेटिंग) डिसेबल. जनरेटर बदलताना चार्जर सुटला की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वेग पडतो, म्हणून हे दोन्ही 'ऑन बॅटरी'लाही लावा.

मिक्सर_लातूर
एवढं करूनही कडकड राहिली तर लेटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर अडवतोय ते नावानिशी दिसतं. बऱ्याचदा वायफायचा निघतो. कार्यक्रमात वायफाय बंदच बरं.

परभणी_साउंड
बफर १२८ च होता! ५१२ केला, फरक पडला. एसएसडी मागवतो. पण चार्जर लावला की बारीक घूं येतंय, ते कशानं?

बेस_बीड
ते अर्थिंगचं. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून घ्या. तरी राहिलं तर मिक्सरकडं जाणाऱ्या ऑडिओच्या लाइनला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. काहीजण अर्थची पिन काढून टाकतात, ते करू नका. ओल्या मांडवात जिवावर बेततं.