घर पाडायचंय, माळ्यावरच्या जुन्या वस्तू विकायच्यात, कुणाकडं जावं?

कृष्णाकाठ_सांगली:
नमस्कार मंडळी. गणपती पेठेच्या मागं आमचं जुनं घर आहे, दिवाळीनंतर पाडायला देणार. २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांतलं सगळं गेलं, माळ्यावरचं तेवढं वाचलं, आणि परवा माळा रिकामा करायला घेतला तर तांब्याचे चार हंडे, एक घंगाळ, समयांची जोडी, वीतभर उंचीचा पितळी रांगता बाळकृष्ण, एक शिसवी पेटारा, लाल फडक्यात बांधलेले मोडी लिपीतले कागद आणि एक डबा भरून तांब्याची नाणी निघाली. काही नाण्यांवर 'श्री राजा शिव' असं वाचता येतंय.

आम्ही कुणाला बोललो पण नव्हतो तर दुसऱ्या दिवशी एक माणूस दारात हजर. हंडे बघितले, वाजवून बघितले, भंगाराच्या भावापेक्षा जास्त देतो म्हणाला, आणि मग सगळं मिळून चाळीस हजार रोख, आत्ताच्या आत्ता. आई तयार झालेली, मी कसंबसं थांबवलं. तो उद्या परत येणार आहे. आम्ही दोघं भाऊ आणि तासगावची आत्या, तिघांचा हिस्सा आहे. फसायचं नाही आणि कायद्याच्या पण लफड्यात पडायचं नाही, काय करू सांगा.

माहुलीकर:
दादा, उद्या त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तो हंड्यांसाठी आलेलाच नाहीये. आमच्या साताऱ्याच्या घरी अगदी हेच झालं, आजीचा अडकित्ता होता, पितळी, दोन्ही दांड्यांवर पोपट कोरलेले आणि मधे बिजागरीला बारीक मोर, एकानं येऊन भांड्यांना किलोमागं चांगला भाव दिला, वडील खूश झाले आणि निघताना 'हा अडकित्ता तेवढा वर टाका काका' म्हणाला. वडिलांनी टाकला. भांड्यांत त्यानं जे जास्त दिलं ते त्या एका अडकित्त्यात कितीतरी पटीनं वसूल केलं असणार. आजी दोन दिवस नीट जेवली नव्हती, अजून आठवलं की मला वाईट वाटतं.

तर लॉटमधे काहीच द्यायचं नाही, प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा मागायचा. आणि हात जोडून सांगतो, काहीही घासू नका. पाहुणे बघायला येणार म्हणून घरातल्या बायका चिंच-मीठ लावून लख्ख करतात, पण तो काळपट हिरवट थर गेला की वस्तू नवी दिसायला लागते आणि जाणकार गिऱ्हाईक मागं सरतो. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ काढा, बस. मग खिडकीच्या उजेडात सगळ्या बाजूंनी फोटो, बाजूला पट्टी ठेवून, वजन लिहून ठेवा. हंड्याच्या काठावर नाव घातलेलं असेल तर त्याचा जवळून फोटो. घरातल्या लग्नाच्या जुन्या फोटोत त्या समया दिसत असतील तर तो फोटो सोन्यासारखा जपा, वस्तू तुमच्याच घरातली आहे हे त्यावरनं दाखवता येतं.

नाणेवेडा_मिरज:
नाण्यांचं मी सांगतो. 'श्री राजा शिव' आणि मागं 'छत्रपति' म्हणजे शिवराई, शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. पण लगेच लाखांची स्वप्नं बघू नका, महाराजांच्या नंतर पेशवाईत पण ही नाणी वर्षानुवर्षं पाडली, त्यामुळं आपल्या भागात घरोघरी सापडतात आणि साध्या शिवराईला फार मोल येत नाही. दुर्मिळ आहे तो सोन्याचा होन. तरीपण डबा तसाच विकू नका, अक्षरांचं वळण, भोवतीचे ठिपके, मधली चिन्हं यावरनं एखादी वेगळी निघू शकते. सकाळच्या तिरप्या उन्हात दोन्ही बाजूंचे फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

आणि ऑनलाइन जाहिरात टाकणार असाल तर सांभाळून. 'तुमच्या नाण्याचे दहा लाख देतो, आधी टॅक्स भरा' असले फोन येतात, रिझर्व्ह बँकेचं नाव आणि लोगो सुद्धा वापरतात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मधेच जाहीर सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुठलं कमिशन पण घेत नाही. ॲडव्हान्स पाठवतो म्हणून कुणी क्यूआर कोड पाठवला तर स्कॅन करू नका, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही.

चांगला माल असेल तर मुंबईतल्या लिलाववाल्यांना आधी नुसते फोटो पाठवा. वस्तू द्यायची वेळ आली तर आधी लेखी घ्या, कमिशन किती, राखीव किंमत (जिच्या खाली विकायचं नाही ती) किती, विमा कुणाचा, नाही विकलं गेलं तर परत आणायचा खर्च कुणाचा, आणि पैसे किती दिवसांत. मी एकदा पावती न घेता सात नाणी 'दाखवायला' म्हणून एकाला दिली होती, परत आली सहाच, आणि माझ्याकडं दाखवायला कागद नव्हता.

कायद्यातली_ताई:
बाळकृष्णाबद्दल आधी बोलते कारण तोच नाजूक विषय आहे. १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, त्यात शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती पुरावशेष धरली जाते, हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात. दगड, धातू, लाकूड यातली शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या यांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडं नोंद करावी लागते, आणि मालक बदलला तर तेही कळवावं लागतं. देशात विकता येतं, बाहेर पाठवायचं मात्र अजिबात नाही, मग कुणी परदेशातला कितीही भाव सांगो. घेणारा धंदेवाला असेल तर त्याला या कायद्याखाली लायसन्स लागतं, ते सरळ मागा. उद्या येणाऱ्याला एवढा एकच प्रश्न विचारा, बहुतेक परत यायचा नाही.

पेटाऱ्यावर पांढरी नक्षी आहे का बघा. हस्तिदंत असेल तर विकायचा विचार सोडा, वन्यजीव कायद्यात त्याच्या व्यापारावर बंदी आहे, आजोबांच्या काळातलं आहे म्हणून सुटका होत नाही.

दोन लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, आयकर कायद्यात ते चालत नाही, बँकेतनंच घ्या. शिल्प, चित्र, कलावस्तू वारशानं आलेली असली तरी विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो, २३ जुलै २०२४ पासून दर साडेबारा टक्के, पण १ एप्रिल २००१ ची बाजारातली किंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते, तेवढी वजा करून उरलेल्यावरच कर. म्हणून रजिस्टर्ड मूल्यांकनकाराकडनं लेखी किंमत काढून घ्या, सीए तीच मागेल. आणि आत्याची सही आधी, गिऱ्हाईक नंतर.

अजून एक. घर पाडताना पाया खणला आणि जमिनीतनं काही निघालं तर ती गोष्ट वेगळी. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून चालू आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. बिल्डरशी करार करताना हे लिहून घ्या, नाहीतर जेसीबीवाला आणि मुकादम आपसात वाटून मोकळे.

कृष्णाकाठ_सांगली:
सगळ्यांचे मनापासून आभार. तो माणूस आज आला होता, लायसन्सचं विचारलं तर फोन आला म्हणून बाहेर गेला तो गेलाच. पेटाऱ्यावरची नक्षी पितळेची आहे, बघितलं. आत्याशी बोललो, ती म्हणाली भांडी विका, नाणी विका, बाळकृष्ण मी नेणार, लहानपणी गोकुळाष्टमीला मीच त्याला पाळण्यात घालायची. आम्ही दोघं भाऊ हो म्हणालो. मग आता नोंदणी तिच्या नावानं करायची का?

कायद्यातली_ताई:
हो, तिघांच्या सह्यांचा वाटणीचा कागद करा आणि तो अर्जाला जोडा, फोटोसकट.

माहुलीकर:
मोडी कागदांचं राहिलंच की. ते विकायच्या भानगडीत पडू नका, जमिनीचे, वाटणीचे, देण्याघेण्याचे असतात. लाल फडक्यातनं काढून सावलीत पसरा, पुराची ओल असेल तर वाळू द्या, उन्हात नको. सगळ्याचे फोटो घ्या, मग वाचून घ्या. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीची जाण असलेली माणसं भेटतील. एखाद्या कागदात घरातल्या वस्तूंची यादी निघाली तर मूल्यांकनकाराला दाखवायला तीच उपयोगी पडेल.

कृष्णाकाठ_सांगली:
पसरलेत आत्ताच, गच्चीच्या खोलीत. छत्तीस आहेत. सांगली-मिरजेत मोडी वाचणारं कुणी असेल तर निरोप टाका, मी घेऊन येतो.