मदत हवी आहे: डॉक्टरांच्या निष्काळजीपणाची तक्रार – विधी सेवेचा मोफत वकील घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

माझ्या ताईचं गेल्या वर्षी एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पोट फुगलं, मग कावीळ. पुण्याच्या डॉक्टरांनी पित्तनलिकेला इजा झाल्याचं सांगितलं. पोट उघडून पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. आधीचे डॉक्टर म्हणतात, हा माहीत असलेला धोका आहे, संमतीपत्रावर तुमची सही आहे. असेलही. पण पोट दुखतंय म्हणून वारंवार फोन केले, तेव्हा 'गॅसेस आहेत' म्हणत तपासायलाही बोलावलं नाही. राग त्याचा आहे.

दाजी टेम्पो चालवतात, शिल्लक सगळी दुसऱ्या ऑपरेशनात गेली. एका वकिलांनी फी अधिक भरपाईतला चौथा हिस्सा मागितला. (निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे म्हणे. विचारल्यावर ते हसले.)

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही, म्हणजे ताईला मोफत वकील मिळू शकतो. ग्राहक आयोगाच्या फीचं ओझं नाहीच. रुग्णालयाला दिलेले पैसे पाच लाखांच्या आत असले की ती शून्य. अडतंय ते तज्ज्ञाच्या मतावर. आमच्याकडचा एकही सर्जन दुसऱ्याविरुद्ध लिहून द्यायला तयार नाही. तिथे हा मोफत वकील काय करणार? आणि फुकटची केस म्हणून तारखांवर तारखा पडल्या तर? तक्रारीची दोन वर्षांची मुदत संपत आलीय. कुणी ग्राहक आयोगात विधी सेवेमार्फत लढलंय का?

प्रतिसाद १
आईच्या केसला घेतला होता. वकील हुशार होते, पण मेडिकलचं त्यांना शून्य. कागद आम्हीच तारखेवार लावून दिले. अर्ज करतानाच सांगा की ग्राहक आयोगात काम केलेले वकील हवेत. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या (त्यांच्या यादीतल्या) कुणा वकिलाचं नाव सुचवलंत तर विचार होतो. आणि त्यांनी वर पैसे मागितले तर थेट प्राधिकरणाकडे तक्रार करा.

प्रतिसाद २
आधी पूर्ण केस पेपर मागा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही. ऑपरेशन नोट्स, नर्सिंग चार्ट, सगळं. लेखी अर्ज, पोच घेऊन. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ७२ तासांत द्यायला हवेत. फोनचे कॉल डिटेल्सही काढून ठेवा, तुमची केस त्यावरच उभी आहे.

तज्ज्ञाचं म्हणाल तर प्रत्येक केसला मत लागतंच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात तसं म्हटलंय. तिथे मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. पण पित्तनलिकेची इजा चांगल्या सर्जनच्या हातूनही होते, त्यामुळे तुम्हाला मत लागेल असं धरून चाला. ते खासगी डॉक्टरकडूनच हवं असं मात्र नाही. कागद सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाकडे मतासाठी पाठवावेत, असा अर्ज आयोगापुढे करता येतो. मोफत वकिलाकडून पहिल्यांदा हेच करून घ्या.

जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं ऑफिस असतं. नाहीतर १५१०० ला फोन करा.

धागाकर्ता
आभार. केस पेपरचा अर्ज उद्याच देतो. मंडळाचं मत यायला किती महिने लागतात, कुणाला अनुभव?