मेंढ्या गाभडतायत, रक्ततपासणी निगेटिव्ह. वारेची पीसीआर करावी का?

माडग्याळी_वाडा (जत)
नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यात मेंढ्या पाचव्या महिन्यात गाभडतायत. कोकरू पुरतं वाढलेलं असतं, अंगावर लोकर आलेली, पण मेलेलंच पडतं. वार जाड, चामड्यासारखी दिसते. डॉक्टरांनी रक्त नेलं, रोझ बेंगाल निगेटिव्ह आली. आबा म्हणतात चारा बदलला म्हणून झालं. मला पटत नाही. पीसीआरनं, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीनं, जंतू नक्की कळेल का?

लॅबवाली_ताई
दादा, रोझ बेंगाल ही रक्ततपासणी फक्त ब्रुसेला या गाभडवणाऱ्या जंतूसाठी असते. शिवाय गाभडल्यावर लगेच रक्त घेतलं तर त्यात प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं) तयार झालेली नसूही शकतात.

तुम्ही सांगता तशी जाड वार आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतलं गाभडणं, यावरून मला आधी क्लॅमिडिया अबॉर्टस या जंतूची शंका येते. हा जंतू प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या साध्या माध्यमावर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. क्यू फिव्हर या आजाराचा जंतू कॉक्सिएलाही साध्या माध्यमावर वाढत नाही. म्हणून तर डीएनए शोधायचा. कॉक्सिएलासाठी आयएस११११, ब्रुसेलासाठी आयएस७११ हे डीएनएचे तुकडे धरतात. जंतूच्या जनुकसंचात त्यांच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे जंतू थोडे असले तरी सापडतात. ब्रुसेला निघालाच तर ब्रूस-लॅडर नावाच्या पीसीआरमध्ये जेलवर उमटणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यांवरून त्याची जात मेलिटेन्सिस की ओव्हिस तेही समजतं. पण वारेला माती-शेण लागलेलं असलं की पीसीआर अडते, म्हणून ताजा नमुना हवा.

वारेचा गाठींसकट तुकडा आणि मेलेल्या कोकराच्या पोटातलं पाणी द्या. फॉर्मेलिनमध्ये बुडवू नका, डीएनए खराब होतो. बर्फात ठेवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या पत्रासह पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात पाठवा.

खंडोबाचा_मल्हारी
डबा गळका नको. एकात एक अशा तीन पिशव्या करा. आणि गाभडलेली मेंढी लगेच वेगळी बांधा, नाहीतर बाकीची तिची वार चाटतात.

माडग्याळी_वाडा (जत)
उद्याच नेतो. एक विचारायचं राहिलं. वहिनी पोटुशी आहे आणि मेंढ्यांचं सगळं तीच बघते.

लॅबवाली_ताई
आजपासून वहिनींना वाड्यात पाठवू नका, अगदी कोकरांना दूध पाजायलाही. क्लॅमिडिया अबॉर्टसमुळे बाईचाही गर्भपात होऊ शकतो, आजार जिवावर बेतू शकतो. तुमचे वाड्यातले कपडेही त्यांना धुवायला देऊ नका. त्यांना ताप, अंगदुखी असेल तर आजच दवाखान्यात न्या आणि मेंढ्या गाभडतायत हे डॉक्टरांना आधी सांगा. तुम्ही हातमोजे घाला, तोंडाला मास्क लावा, उरलेली वार चुना टाकून खोल पुरा.