फवारणी निम्म्यावर आणायची म्हणतात. आपल्याकडे जमेल का?

पऱ्हाटी_उमरेड
२०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलला जगभरच्या देशांनी ठरवलं, कीटकनाशकांचा धोका २०३० पर्यंत निदान निम्म्यावर आणायचा. आपला देशही त्यात आहे. माझं म्हणणं, हे जमतं. यंदा चार एकर पऱ्हाटीत (कापसात) एकरी दोन कामगंध सापळे लावले, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. रोज सकाळी गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ आले तरच औषध. शेजाऱ्याच्या सात फवारण्या झाल्या, माझ्या तीन. कापूस संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, पण गावातला माणूस सल्ला विचारतो कृषी केंद्राच्या, म्हणजे औषध विकणाऱ्या दुकानाच्या, काउंटरवर. खरं दुखणं तिथं आहे.

संत्रा_काटोल
भाऊ, सापळे कापसाला ठीक. माझ्या संत्र्याच्या बागेत कोळशी रोग आला की पानं काजळी फासल्यासारखी काळी होतात. तिथं मोजत बसलो तर बहार हातचा जातो. आणि निम्मं-निम्मं म्हणणाऱ्यांचं काय झालं तेही पाहा. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतं-औषधांची आयात थांबवली; भात पडला, चहा पडला, नोव्हेंबरात माघार. युरोपनं फवारणी निम्मी करायचा कायदा आणायला घेतला, २०२४ च्या फेब्रुवारीत ट्रॅक्टर रस्त्यावर आल्यावर गुंडाळला. ज्यांना सरकार भरभरून अनुदान देतं त्यांना जमेना, आपण कोण?

पऱ्हाटी_उमरेड
श्रीलंकेनं खतंही बंद केली, तीही एका फटक्यात. मी बंद कुठं म्हणतोय? मोजून मारा म्हणतोय.

रातपाळी
मोजून मारा हेही मला पटत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो भरती झाले. मी तेव्हा इथे नागपुरात वॉर्डात नर्स होते. एक पोरगा आणला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ. आधी कपडे काढून साबणानं धुतलं, मग ॲट्रोपिन, या विषावरचा उतारा. शर्ट पाठीवर पंपाच्या आकाराचा ओला होता; पंप गळत होता आणि हा दिवसभर तोच पाठीवर घेऊन फिरला. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, म्हणजे पुढून फवाराही तोंडावरच. त्यानं मोजून तीनच फवारण्या केल्या असत्या तरी काय फरक पडला असता? लाल त्रिकोणाचं, म्हणजे सगळ्यात विषारी, औषध दुकानात दिसायलाच नको. त्यातलंच मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक भाजीपाल्यावर मारायला २००५ पासून मनाई आहे. किती जणांना माहीत होतं?

केंद्रवाला
सगळं काउंटरवर ढकलू नका. गिऱ्हाईक येतं तेच "कडक द्या" म्हणत. नाही दिलं तर समोरच्या दुकानात जातं, आणि माझी मागची उधारी कापूस विकेपर्यंत अडकते. ३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसवर २०२३ मध्ये बंदी आली. स्वस्तातलं गेलं की त्या जागी महागडं येतं, नाहीतर बिनपावतीचं. बिनपावतीच्या डब्यात काय असतं ते मलाही सांगता येणार नाही.

पऱ्हाटी_उमरेड
मग पावतीवर लिहून द्या ना, कोणत्या किडीसाठी आणि एकरी किती.

केंद्रवाला
लिहून दिलं आणि पीक गेलं, तर तीच पावती घेऊन भरपाई मागायला येतील.

संत्रा_काटोल
राजेहो, निंदणाला बाया मिळत नाहीत त्याचं कुणीच बोलत नाही. तणनाशक बंद केलं तर मी वावर विकून नागपूरला बेसात फ्लॅट घेतो.

रातपाळी
तो वेगळा धागा काढा. केंद्रवाले दादा, एकच विचारते. दुकानात हातमोजे ठेवता का?

केंद्रवाला
ठेवले होते ताई. दोन वर्षं धूळ खात पडले, शेवटी टॉनिकसोबत फुकट वाटले.

पऱ्हाटी_उमरेड
त्यातला एक जोड माझ्याकडे आहे. सप्टेंबरच्या उन्हात दहा मिनिटांत आत घामाचं पाणी होतं आणि नोझलचा कचरा काढायला तो उतरवावाच लागतो. मग परत कोण घालतं?