मदत हवी आहे: खुनी आणि मानसोपचारतज्ज्ञ एका खोलीत

मंडळी, एक थरारकथा लिहायला घेतली आहे. एकामागून एक खून करणारा माणूस आणि त्याला तपासणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाई. डोक्यात अर्थातच १९६८ साली मुंबईत पकडला गेलेला रामन राघव.

त्याची फाशी कायम करायची की नाही हे ठरवण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांकडून त्याची तपासणी करवून घेतली. पाच बैठका, प्रत्येक साधारण दोन तासांची. शेवटच्या भेटीत निघताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तर पठ्ठ्याने मिळवलाच नाही. म्हणे, मी 'कानून'चा प्रतिनिधी, या पापी दुनियेतल्या माणसांना शिवणार नाही! १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली.

तो न मिळवलेला हात काही डोक्यातून जात नाही. पण माझा प्रसंग पार फिल्मी होतोय. बाई प्रश्न विचारतात, खुनी तत्त्वज्ञान झाडतो. (बायको म्हणाली, हा खुनी कमी आणि कीर्तनकार जास्त वाटतो.)

इथे मनोरुग्णालयात किंवा कारागृहात काम केलेलं कोणी आहे का? तपासणीच्या वेळी पोलीस खोलीत थांबतात की दाराबाहेर? बेड्या काढतात? वेडाचं सोंग कशावरून ओळखतात? वेडाच्या भरात केलेल्या गुन्ह्याबद्दलचं दंड संहितेतलं जुनं कलम ८४, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतलं २२, वाचलं. कृत्य करतानाची मनःस्थिती महत्त्वाची, हे कळलं. पण कित्येक महिन्यांनी तपासणारा डॉक्टर 'त्या रात्री'बद्दल ठामपणे बोलतो कसा? माझ्या बाई तीन आठवडे इथेच अडकून बसल्यात.

कुणा रुग्णाची ओळख नको, नुसती पद्धत सांगितलीत तरी पुरे.