स्क्रॅचमध्ये (मुलांसाठीचं, ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवायचं ॲप) वाक्याचे तीन तुकडे जॉइन कसे करायचे?

मुलीला स्क्रॅच शिकवतेय, मांजराने "नमस्कार सई, कशी आहेस" म्हणायला हवंय, नाव आन्सरमधून (टाइप केलेलं उत्तर ठेवणारा ब्लॉक) येतंय, पण हिरव्या जॉइन ब्लॉकला दोनच खाने आहेत, तिसरा तुकडा कुठे टाकू? प्लस वापरून बघितलं तर 0 आला.

↳ ताई, प्लस फक्त आकड्यांची बेरीज करतो, शब्द दिसला की 0 धरतो. जॉइनच्या दुसऱ्या खान्यात अजून एक जॉइन ओढून टाका, बाहेरच्यात नमस्कार, आतल्यात आधी आन्सर मग बाकीचं वाक्य.

↳ जमलं! पण "नमस्कारसई, कशी आहेस" असं चिकटून येतंय.

↳ स्पेस आपोआप पडत नाही हो, नमस्कारनंतर स्पेसबार एकदा दाबा. स्क्रॅच 3 मध्ये जॉइनमध्ये आधीच ॲपल लिहिलेलं असतं ना, त्याच्यानंतरपण स्पेस असते, मुलीला ती नक्की दाखवा.