मदत हवी आहे: मानेच्या मागचे स्नायू डोक्यात बसत नाहीयेत

नमस्कार. मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. हातापायाचे स्नायू छान जमले, पण मानेच्या मागच्या बाजूला येऊन अडकले आहे. ओरिजिन-इन्सर्शन (स्नायू कुठून निघतो, कुठे लागतो) पाठ आहेत, आकृतीही काढता येते. तरी कुणी ‘असं का?’ विचारलं की उत्तर सुचत नाही. व्हायव्हा (तोंडी परीक्षा) जवळ आलीय हे खरंच, पण मला हे नुसतं मार्कांपुरतं नकोय. पुढे रोज कुणाच्या ना कुणाच्या मानेवर हात ठेवायचा आहे, तेव्हा बोटाखाली काय आहे ते कळायला हवं.

मला कळलेले थर सांगते, चुकत असेल तर सांगा. कातडीखाली सगळ्यात वर ट्रॅपीझियस. त्याच्याखाली स्प्लीनियस कॅपिटिस, मानेच्या मध्यरेषेपासून तिरका वर जाऊन कानामागच्या हाडाच्या उंचवट्याला, म्हणजे मॅस्टॉइडला लागणारा. बाजूला लेव्हेटर स्कॅप्युली. त्याखाली उभा, जाडजूड सेमीस्पायनॅलिस कॅपिटिस. तो बाजूला सारला की कवटीच्या अगदी बुडाशी चार छोटे स्नायू: रेक्टस कॅपिटिस पोस्टेरिअर मेजर आणि मायनर, ऑब्लिक्वस कॅपिटिस सुपीरिअर आणि इन्फीरिअर. मायनर सोडून उरलेले तिघे मिळून सबऑक्सिपिटल त्रिकोण करतात.

आता शंका.

उजवा स्प्लीनियस आखडला की तोंड उजवीकडे वळतं. गळ्याच्या बाजूचा उजवा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड आखडला की डावीकडे. दोघेही मॅस्टॉइडलाच लागतात ना? मग उलट कसं?

ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह (डोक्यामागच्या कातडीला जाणारा मज्जातंतू) त्रिकोणाच्या आत धरायची की नाही? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन तट पडलेत.

आणि मान मागे न्यायला सेमीस्पायनॅलिस एवढा दणकट असताना हे चार चिमुकले स्नायू हवेत कशाला?

प्रतिसाद १

थर बरोबर आहेत. पहिल्या शंकेचं उत्तर मॅस्टॉइडवर शोधू नकोस, स्नायूचं दुसरं टोक कुठे आहे ते बघ. स्प्लीनियसचं दुसरं टोक मागे, मध्यरेषेवर: लिगामेंटम न्यूकीचा (मानेमागच्या मध्यरेषेवरच्या पट्ट्याचा) खालचा भाग आणि सी-७ (मानेचा सातवा मणका) व वरच्या थोरॅसिक (छातीच्या) मणक्यांचे स्पायनस प्रोसेस (मागे निघालेली टोकं). म्हणजे तो मॅस्टॉइडला मागे ओढतो. उजवा मॅस्टॉइड मागे गेला की तोंड उजवीकडेच जाणार. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडचं दुसरं टोक पुढे, छातीच्या हाडावर आणि कॉलरबोनवर. तो त्याच मॅस्टॉइडला पुढे ओढतो, म्हणून तोंड डावीकडे.

आत्ता आरशासमोर उभी राहा आणि तोंड उजवीकडे वळव. गळ्याच्या डाव्या बाजूला दोरीसारखा ताठ होतो तो डावा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. त्याच वेळी मागे उजवा स्प्लीनियस काम करतोय. पेशंटची मान एका बाजूला वळत नसेल तर दोन्ही बाजू तपासाव्या लागतात, त्याचं कारण हेच.

प्रतिसाद २

मी ॲनाटॉमी शिकवते. दुसऱ्या शंकेवर दरवर्षी मुलं भांडतात, तेव्हा नीट सांगते.

त्रिकोणात तीन गोष्टी: व्हर्टिब्रल आर्टरीचा (मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा) तिसरा भाग, सबऑक्सिपिटल नर्व्ह आणि शिरांचं जाळं. ग्रेटर ऑक्सिपिटल त्यात नाही. ती सी-२ च्या (मानेच्या दुसऱ्या स्पायनल नर्व्हच्या) मागच्या फांदीतून येते, ऑब्लिक्वस इन्फीरिअरच्या खालच्या कडेला वळसा घालते आणि वर चढते. त्रिकोणावरून ती जाते, पण बाहेरून, म्हणजे सेमीस्पायनॅलिस आणि हे छोटे स्नायू यांच्या मधून. मग सेमीस्पायनॅलिसला भेदते, पुढे ट्रॅपीझियसला, आणि डोक्याच्या मागच्या कातडीत पसरते. डिसेक्शनमध्ये सेमीस्पायनॅलिस घाईने उलटवला तर ही नर्व्ह हमखास तुटते. आधी ती शोधा, मोकळी करा, मगच स्नायू कापा.

सबऑक्सिपिटल नर्व्ह म्हणजे सी-१ ची मागची फांदी. व्हर्टिब्रल आर्टरी ॲटलासच्या (मानेच्या पहिल्या मणक्याच्या) मागच्या कमानीवरच्या खोबणीत आडवी पहुडलेली असते. आर्टरी वर, कमान खाली आणि या दोघींच्या फटीतून ही नर्व्ह बाहेर येते. चारही छोट्या स्नायूंना तीच पुरवते.

हाडांचा संच घरी असेल तर ॲटलास आणि ॲक्सिस (दुसरा मणका) एकमेकांवर ठेव. ॲक्सिसच्या स्पायनस प्रोसेसपासून ॲटलासच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसपर्यंत (बाजूला निघालेल्या टोकापर्यंत) एक रबरबँड ताण. हा तुझा ऑब्लिक्वस इन्फीरिअर. सोडलास की ॲटलास त्याच बाजूला फिरतो. मानेच्या एकूण वळण्यातलं जवळपास निम्मं वळण या एका सांध्यात होतं, त्यामुळे या स्नायूला कमी लेखू नकोस. चौघांतला हा एकटाच कवटीला लागत नाही, व्हायव्हाला हे विचारतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रबरबँड लावून पाहिला, आणि स्प्लीनियसचं गणितही त्यातच सुटलं! दोन्हीकडे स्नायू मागे ओढतोय, म्हणून वळण त्याच बाजूला. बरोबर ना?

तिसरी शंका अजून बाकी आहे. आणि एक नवीन: हे चार स्नायू वरून हाताला लागतात का?

प्रतिसाद १

बरोबर.

हे स्नायू ताकदीसाठी नाहीतच. सेमीस्पायनॅलिस डोकं उचलून धरतो. हे चौघे डोकं नेमकं कसं आहे याची खबर मेंदूला देत राहतात आणि बारीक बारीक दुरुस्त्या करतात. त्यांच्यात मसल स्पिंडल (स्नायूचा ताण टिपणारे संवेदक) फार दाट असतात. डोळ्यांच्या हालचालींशीही त्यांचं सूत जुळलेलं आहे. उताणी झोप, दोन्ही हातांची बोटं कवटीच्या कडेखालच्या मऊ जागेत ठेव, डोळे मीट. आता डोकं अजिबात न हलवता बुबुळं डावीकडे-उजवीकडे फिरव. बोटांखाली अगदी हलकी चुळबुळ जाणवेल.

थेट मात्र ते हाताला लागत नाहीत. वर ट्रॅपीझियस आणि सेमीस्पायनॅलिस आहेत, ते सैल पडले तरच खोलवरचा ताण कळतो. म्हणून पेशंटला बसवून तपासू नकोस, झोपवून डोक्याचं सगळं वजन आपल्या तळहातांवर घे. आणि अंगठ्याने जोर लावू नकोस. खाली व्हर्टिब्रल आर्टरी आहे. चक्कर, दोन दोन दिसणं किंवा बोलताना जीभ अडखळणं असं काही पेशंटने सांगितलं तर मानेला हात न लावता आधी डॉक्टरांकडे पाठवायचं.

प्रतिसाद २

एक भर घालते. रेक्टस मायनरपासून संयोजी ऊतीचा एक पूल मेंदूच्या आवरणापर्यंत, म्हणजे ड्यूरापर्यंत जातो. १९९५ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीशी त्याचा संबंध जोडला जातो, पण ते सिद्ध झाल्यासारखं पेशंटला सांगू नये. व्हायव्हाला मात्र विषय निघाला तर जरूर सांग, परीक्षक खूश होतात.